घरी रंगवलेल्या लडीचा रंग सुटत राहतो तेव्हा

लडी रंगवली, धुतली, शेवटचं पाणी स्वच्छ आलं. गुंडा केला, पांढऱ्याबरोबर पट्टे घालून टोपी विणली, आणि टोपी पहिल्यांदा धुताना पांढऱ्या ओळी गुलाबी झाल्या. दुसऱ्या धुण्यात पुन्हा तेच. मग ठरलेले सल्ले येतात: मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजत घाला, व्हिनेगर टाका, तुरटी फिरवा. यातला एखादा सल्ला कधीकधी लागूही पडतो. पण रंग सुटण्याची कारणं निरनिराळी असतात, आणि लोकरीवर जो इलाज चालतो तो सुतावर टाकला तर पाणी नि वेळ वाया, एवढंच होतं. व्हिनेगर म्हणजे सगळ्या रंगांचं कुलूप, ही समजूत तर सोडूनच द्यावी.

शेवटचं पाणी स्वच्छ होतं ना, मग हा रंग आला कुठून? थंड पाण्याने धुतलं की वरवरचाच रंग निघतो. आत अडकलेला सैल रंग बाहेर यायला ऊब, साबण आणि वेळ लागतो. टोपी कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास बुडाली तेव्हा त्याला या तिन्ही गोष्टी मिळाल्या. म्हणून परीक्षा करायची ती थंड पाण्यात करूच नये.

आधी एक कप पाणी

रंगवलेल्या धाग्याचा वीतभर तुकडा घ्या. तेवढाच पांढरा सुती धागा आणि तेवढीच पांढरी खरी लोकर घेऊन तिघांची सैल वेणी घाला. कपात अर्धं उकळतं आणि अर्धं नळाचं पाणी घाला, म्हणजे साधारण ६० अंश तापमान मिळतं. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून वेणी २० मिनिटं बुडवून ठेवा, मधूनमधून चमच्याने हलवा. मग वेणी सोडून तिन्ही धागे पांढऱ्या कागदावर वेगवेगळे वाळवा.

आता वाचायचं असं. पाणी रंगलं पण पांढरे धागे स्वच्छ राहिले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या ताज्या कपात रंग झपाट्याने फिका होत गेला, तर रंग पक्का आहे, फक्त जास्तीचा धुवायचा राहिलाय. पांढरी लोकर डागली नि सूत जवळजवळ स्वच्छ, तर लोकरीचा रंग नीट बसलेला नाही, म्हणजे आच किंवा आंबट (व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिड) कमी पडलं. सूत चांगलंच डागलं, तर सुताचा रंग एकतर डायरेक्ट जातीचा (सुताला नुसता बिलगणारा) आहे किंवा रिअ‍ॅक्टिव्ह (सुताशी रासायनिक बंध करणारा) असून धुलाई अर्धवट झाली आहे. प्रत्येक कपात तेवढाच रंग उतरतोय आणि धागा डोळ्यांदेखत फिका पडतोय, तर धागा आणि रंग यांचं जमतच नाही, पुढे धुण्यात अर्थ नाही. आणि कपात काहीच आलं नाही पण कोरडा धागा पांढऱ्या रुमालावर घासला की रेघ उमटते, तर तो सुटणारा रंग नाही, घासून जाणारा आहे. निळीच्या (इंडिगोच्या) आणि गडद काळ्या-लाल लड्यांत हे फार दिसतं.

ही वेणी फेकू नका. लडीच्या चिठ्ठीला टाचून ठेवा, पुढे उपयोगी पडते.

लोकर म्हणून जे मिळतं ते

बाजारात लोकर म्हणून मिळणारे रंगीबेरंगी गुंडे बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे असतात. घरी रंगवण्याच्या तक्रारींतला मोठा वाटा इथूनच सुरू होतो: पांढरं अ‍ॅक्रिलिक आणलं, लोकरीचा रंग घातला, रंग वर चिकटल्यासारखा दिसला आणि धुताना निघून गेला. अ‍ॅसिड डाय, म्हणजे आंबट गरम पाण्यात बसणारे हे लोकरीचे रंग, लोकरीतल्या प्रथिनाला धरतात. अ‍ॅक्रिलिकमध्ये प्रथिनच नाही, मग ते धरणार कशाला?

पट्टीवर काय लिहिलंय ते बघा, आणि पट्टी नसेल तर जाळून बघा. चार बोटं धागा चिमट्यात धरून मोरीच्या कट्ट्यावर, खाली पाण्याची वाटी ठेवून पेटवा. खरी लोकर कशीबशी पेटते, ज्योत काढली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि मागे राहणारी काळी गोळी बोटांत चुरडली जाते. सूत कागदासारखं भुरूभुरू जळतं आणि मऊ करडी राख उरते. अ‍ॅक्रिलिक वितळत, काळा धूर सोडत जळत राहतं. थंड झाल्यावर उरलेला मणी कडक, चुरडत नाही. वितळलेला थेंब बोटावर पडला तर चटका बसतो, म्हणून हातात धरून हा प्रयोग करू नये.

दुसरी खूण जास्त खात्रीची. कपडे पांढरे करायचं क्लोरीनचं ब्लीच वाटीत घेऊन त्यात धाग्याचा तुकडा टाका. लोकर किंवा रेशीम असेल तर बुडबुडे येऊन काही तासांत पूर्ण विरघळतं. अर्धं विरघळलं नि अर्धं उरलं तर मिश्र धागा आहे. सूत आणि अ‍ॅक्रिलिक तसंच राहतं. ही वाटी व्हिनेगरच्या बाटलीपासून लांब ठेवा, वाटी धुतानाही दोन्ही एकत्र येऊ देऊ नका. ब्लीचमध्ये आंबट पडलं की क्लोरीन वायू निघतो.

२० टक्के लोकर आणि ८० टक्के अ‍ॅक्रिलिक असा धागा अ‍ॅसिड डायने रंगवला तर फक्त लोकरीचे तंतू रंगतात, लडी धुरकट, मिसळलेली दिसते. तो रंग आवडत असेल तर ठीक, गडद मात्र होणार नाही, कितीही पूड घातली तरी. जास्तीची पूड अ‍ॅक्रिलिकच्या तंतूंमध्ये नुसती अडकून बसते आणि पुढचे सहा महिने सुटत राहते. निव्वळ अ‍ॅक्रिलिक घरी रंगवण्याच्या भानगडीत पडू नये असं आमचं मत आहे. त्याला लागणारे रंग वेगळे, सतत उकळतं पाणी हवं, आणि त्या तापमानाला अ‍ॅक्रिलिकची लडी ओढली गेली की तिचा फुगीरपणा कायमचा जातो. हवा तो रंग दुकानात मिळतो, तोच घ्यावा.

खरी लोकर: आच, आंबट आणि वजन

लोकर अ‍ॅसिड डायने रंगवली असेल तर तिचं गणित तीन गोष्टींवर चालतं. एकही हुकली की रंग सुटतो.

वजनापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथे होतो. पूड चमच्याने मोजतात. सपाट छोटा चमचा भरला की रंगानुसार ३ ते ४ ग्रॅम पूड येते. ५० ग्रॅमच्या लडीला ती घातली तर वजनाच्या ६ ते ८ टक्के झाली. मध्यम छटेला १ टक्का पुरतो, फिक्या छटेला ०.१ ते ०.५, गडद लाल-निळ्याला २ ते ३, फक्त काळा ४ च्या आसपास जातो. लोकरीच्या तंतूत जागा भरली की उरलेला रंग पाण्यात राहतो किंवा तंतूवर नुसता बसतो. अशी लडी दहादा धुतली तरी अकराव्यांदा रंग सोडते.

यावर सोपा मार्ग म्हणजे आधी पाक करून ठेवणं. १० ग्रॅम पूड थोड्या गरम पाण्यात पेस्ट करून, गुठळ्या मोडून, १ लिटर करा. हा १ टक्क्याचा पाक. १०० ग्रॅम लोकरीला मध्यम छटेसाठी यातला १०० मिली, फिक्यासाठी २० मिली. औषधाच्या मापाने किंवा सिरिंजने मोजता येतो, आणि तीच छटा पुन्हा हवी असेल तर पुन्हा काढता येते. पूड मोजताना मास्क लावा, पंखा बंद ठेवा. पातेलं, चमचा, चाळणी सगळं स्टीलचं आणि कायमचं वेगळं. ते परत स्वयंपाकात आणू नका. अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ आंबटात घालू नयेत.

१०० ग्रॅम लडीला सुमारे ३ लिटर पाणी घ्या. लडी चार ठिकाणी आठाच्या आकड्यासारखी सैल बांधा. आवळून बांधली तर दोऱ्याखाली पांढरी पट्टी राहते. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून लडी निदान अर्धा तास भिजवा. कोरडी लोकर पाणी घेत नाही, रंग बाहेरच्या तंतूंवर बसतो आणि आत पोचतच नाही. मग पाक घातलेल्या ४० अंशाच्या पाण्यात लडी सोडून मंद आचेवर अर्ध्या-पाऊण तासात ८५ ते ९० अंशांवर न्या. आंबट दोन हप्त्यांत घाला, निम्मं ५० अंशांना नि निम्मं ७५ च्या पुढे. घालताना लडी उचलून बाजूला धरा, आंबट थेट तिच्यावर ओतू नका, नाहीतर तिथेच गडद डाग बसतो. पोचल्यावर ३० ते ४५ मिनिटं तीच आच. खळाखळा उकळी नको, तळाशी बारीक बुडबुडे हलताहेत एवढंच. गॅस बंद करा आणि लडी पातेल्यातच थंड होऊ द्या, जमल्यास रात्रभर.

आंबट म्हणजे १०० ग्रॅम लोकरीला साधं ४ टक्क्यांचं व्हिनेगर १०० मिली, किंवा सायट्रिक अ‍ॅसिड ३ ते ४ ग्रॅम. पीएच पट्टी असेल तर ४ ते ४.५ दिसायला हवं. इथे बोअरचं पाणी आडवं येतं. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार आंबट खाऊन टाकतात. ३ लिटर अशा पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घातलं तर ते जवळजवळ सगळं क्षार मारण्यातच खर्ची पडतं, रंगाला काही उरत नाही. पुण्या-मुंबईच्या नळाच्या पाण्यात बसलेली कृती संभाजीनगरच्या बोअरच्या पाण्यात फसते ती याचमुळे. पट्टी बघून आंबट वाढवा, किंवा त्या दिवसापुरतं आरओचं पाणी वापरा.

काम झालं की नाही ते पाणीच सांगतं. चमच्यात घेऊन पांढऱ्या ताटलीवर ओता. जवळपास नितळ असेल तर रंग लोकरीत गेला. अजून रंगीत असेल तर आणखी थोडं आंबट घालून २० मिनिटं थांबा. तरीही रंगीतच राहिलं तर पूड जास्त झाली होती. त्यात दुसरी भिजवलेली लडी टाका, फिकी छटा फुकटात मिळते. पिरोजी मात्र अपवाद. त्याचे कण मोठे, आत शिरायला वेळ घेतात, त्यामुळे तासभर आच आणि रात्रभर पातेल्यात, हे त्याला हवंच. हिरव्या-जांभळ्या मिश्रणांतून धुताना एकटा निळा-पिरोजीच बाहेर येतो त्याचं कारण हेच: लाल-पिवळा घाईने बसला, पिरोजी दारात राहिला.

ब्रशने रंगवून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वाफवलेल्या लड्यांत मधला भाग कच्चा राहतो. मोठी वळकटी केली की बाहेरचा पदर तापतो, आतला कोमटच. इडलीपात्रासारखं वेगळं भांडं घ्या, वळकटी चपटी करा, वाफ सुरू झाल्यावर ४५ मिनिटं मोजा आणि मध्ये एकदा पालटा.

खाण्याच्या रंगांनी रंगवलेल्या लोकरीला हेच नियम, कारण टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पाँसो ४आर हेसुद्धा अ‍ॅसिड डायच आहेत. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. मिठाईच्या रंगाच्या पुडीत भरीला मीठ असू शकतं, त्यामुळे वजनाचा अंदाज चुकतो. आणि गुलाबी पुडीत एरिथ्रोसिन असेल तर आंबट पाण्यात तो विरघळलेला राहत नाही, बारीक कण होऊन लडीवर बसतो, आणि कोरड्यावर घासला तरी निघतो. उन्हात हे रंग लवकर विटतात. बाहुलीच्या स्वेटरला ठीक, शालीला नको.

सुटणारी लोकर वाचवायची कशी

लोकरीच्या बाबतीत चांगली बातमी अशी की न बसलेला रंग नंतरही बसवता येतो. लडी भिजवून ताज्या पाण्यात, रंग न घालता, वर दिलेल्या मापाचं आंबट घालून ९० अंशांवर ४५ मिनिटं ठेवा. पाणी आधी रंगेल आणि मग हळूहळू परत नितळ होईल: म्हणजे सैल रंग आत गेला. नितळ झालंच नाही तर तो जास्तीचा रंग आहे, पाणी टाकून पुन्हा एकदा तेच करा. थंड पाण्यात व्हिनेगर घालून भिजवण्याने हे होत नाही, कारण कामाची ती आच. आंबट नुसतं दार उघडतं.

पण एक ठळक इशारा. लाल-पांढरं विणून झालेलं असेल आणि पांढऱ्यावर लाल सांडला असेल तर हा उपाय अजिबात करू नका. गरम आणि आंबट पाण्यात पांढऱ्या लोकरीवर सांडलेला रंगही कायमचा पक्का होईल. त्या वेळी उलट करायचं: आंबट नको, भरपूर पाणी, सौम्य साबण. विणलेली वस्तू वाळू देऊ नका. मोठ्या बादलीत ३५ ते ४० अंशांचं पाणी आणि लिक्विड साबण घालून बुडवा, पांढरा भाग घडीत दाबला जाऊ देऊ नका. दहा मिनिटांनी पाणी बदला, तेवढ्याच तापमानाचं नवं घ्या. पाणी बिनरंगी येईपर्यंत हे चालू ठेवायचं. लोकर चोळायची नाही, पिळायची नाही, आणि गरमातून एकदम गार पाण्यात टाकायची नाही. तसं केलं की तंतू एकमेकांत अडकून टोपी जाड नि लहान होते, आणि ते परत फिरवता येत नाही. रिठ्याचं पाणी लोकरीला चांगलं, जड पाण्यातही फेस येतो, पण सांडलेला रंग काढण्याइतका जोर त्यात नाही आणि पांढऱ्यावर किंचित पिवळसर झाक ठेवतं.

सूत: रंग बसवण्यापेक्षा धुणं मोठं

सुती धाग्याचं, म्हणजे क्रोशाच्या आणि भरतकामाच्या धाग्याचं शास्त्र पूर्ण निराळं. इथे व्हिनेगरला कामच नाही. किराण्यात मिळणाऱ्या कपडे रंगवायच्या पुडीत बहुधा डायरेक्ट डाय असतात. गरम पाणी, मीठ, झालं काम. पण रंग सुताला नुसता बिलगलेला असतो, प्रत्येक धुण्यात थोडा जाणारच. धुवायच्या वस्तूला ते वापरूच नयेत.

रिअ‍ॅक्टिव्ह डाय सुताशी रासायनिक बंध करतात. ‘कोल्ड ब्रँड’ आणि ‘हॉट ब्रँड’ अशा दोन जाती दुकानात मिळतात. कोल्ड ३० ते ४० अंशांना बसतो, हॉटला ८० च्या आसपास पाणी लागतं. पुडीवर काय आहे ते न बघता हॉट ब्रँड कोमट पाण्यात केला, की सगळा रंग मोरीत. थंडीत नाशिक-पुण्याकडे नळाचं पाणी गार असतं तेव्हा कोल्ड ब्रँडलाही कोमट पाणी द्या.

१०० ग्रॅम सुताला २ लिटर पाणी, मध्यम छटेला २ ग्रॅम पूड, १०० ग्रॅम मीठ आणि २० ते ३० ग्रॅम धुण्याच्या सोड्याची कोरडी पूड, म्हणजे सोडा अ‍ॅश. कोरं सूत आधी साबण आणि २ ग्रॅम सोडा अ‍ॅश घालून तासभर उकळून घ्या, त्यावरचा मेणकट थर गेल्याशिवाय रंग आत जात नाही. रंगाच्या पाण्यात सूत, मग मीठ तीन हप्त्यांत, अर्धा तास हलवत राहायचं. शेवटी सोडा अ‍ॅश वेगळ्या गरम पाण्यात विरघळवून, सूत बाजूला करून घाला आणि तासभर थांबा.

सोड्यावरून बरीच गल्लत होते. खाण्याचा सोडा चालत नाही, तो पुरेसा अल्कधर्मी नाही. रिअ‍ॅक्टिव्हला पीएच १०.५ च्या वर लागतो. धुण्याच्या सोड्याचे पारदर्शक खडे चालतात, पण त्यांच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणीच असतं. २० ग्रॅम सोडा अ‍ॅशच्या जागी ते ५४ ग्रॅम घ्यावे लागतात. ‘सोडा घातला होता की’ असं म्हणणाऱ्यांनी कोणता आणि किती, हे आधी तपासावं. काहीच मिळत नसेल तर खाण्याचा सोडा स्टीलच्या कढईत कोरडा, ढवळत, तासभर तापवा. १०० ग्रॅमचे साधारण ६३ ग्रॅम उरले की त्याचा सोडा अ‍ॅश झाला.

आता मुख्य मुद्दा. सगळं बरोबर केलं तरी रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा एक भाग सुताऐवजी पाण्याशीच बांधला जातो. तो मेलेला रंग. सुतात शिरलेला असतो, दिसतो तसाच, पण पुन्हा कधीही बांधला जाणार नाही, कितीही मीठ आणि सोडा ओता. तो बाहेर काढणं हाच एक उपाय. धाग्याचा रंग सुटतोय म्हणजे बहुतेक वेळा हाच सुटतोय.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी थंड पाण्यात तीन-चारदा धुवा, साबण न लावता. हे मीठ आणि सोडा काढण्यासाठी. मीठ शिल्लक असेल तोवर तेच मेलेल्या रंगाला सुतावर दाबून धरतं. मग ८५ ते ९० अंशांच्या पाण्यात थोडं लिक्विड साबण घालून १० ते १५ मिनिटं बुडवून ठेवा. पाणी भडक येईल, घाबरू नका. ओता, पुन्हा तसंच. गडद लाल-काळ्याला चार-पाच वेळा लागतं. वाहत्या नळाखाली धरून उपयोग नाही, रंगाला आतून बाहेर झिरपायला स्थिर गरम पाणी हवं. शेवटची खेप रात्रभर तशीच ठेवली तर उत्तम. मग कपाची परीक्षा. जड पाणी असेल तर कपडे धुण्याचा साबण टाळा, त्याचा चिकट साका रंग धरून ठेवतो.

डाय फिक्सर मिळतो, पण तो अगदी शेवटी, धुऊन झाल्यावर उरलेल्या थोड्या रंगासाठी. धुलाई टाळायला आधीच वापरला तर सैल रंग आत कोंडला जातो आणि काही धुण्यांनंतर पुन्हा निघतो. शिवाय फिक्सरमुळे काही छटा उन्हात लवकर विटतात.

कोल्ड ब्रँडची पूड ओलाव्याने डब्यातच मरते. कोकणात पावसाळ्यात उघडी राहिलेली पुडी पुढच्या वर्षी रंग देते, पण निम्मा धुण्यात जातो. झाकण घट्ट, आत सिलिका जेलची पुडी, वर खरेदीची तारीख. सोडा घातलेलं रंगाचं पाणी उद्यासाठी ठेवायचं नाही, रात्रीत ते नुसतं रंगीत पाणी होतं.

स्वयंपाकघरातले रंग

बीट आणि जास्वंदीला रंग म्हणून धरूच नका. हळद तुरटीशिवायही बसते, पण साबण लागला की तांबडी आणि उन्हात पांढुरकी होते. कांद्याची सालं आणि डाळिंबाची साल विश्वासाची. लोकरीला आधी वजनाच्या १५ टक्के तुरटीच्या पाण्यात तासभर गरम करून घ्या, रंग झाल्यावर नुसती तुरटी फिरवून फारसं काही होत नाही.  निळीची लडी बोटांना लागत राहते, कारण ती तंतूत बांधलेली नसते, थरांनी साठते. एका गडद बुडीपेक्षा पाच-सहा फिक्या बुड्या, प्रत्येकीनंतर हवा, आणि शेवटी साबणाची गरम धुलाई. तरी थोडी लागेलच, सुया लाकडी असतील तर निळ्या होतील.

मॅटीवर फुलीच्या टाक्याचं भरलेलं काम

क्रॉस स्टिचमध्ये नुकसान सर्वांत मोठं. महिनोन्‌महिने भरलेला नमुना, पांढरी मॅटी (फुलीच्या टाक्यासाठीचं जाळीदार सुती कापड), आणि लाल धागा. नावाजलेल्या कंपन्यांचे सहा पदरी धागे सहसा पक्के असतात. धोका बिनपट्टीच्या स्वस्त जुड्यांत आणि घरी रंगवलेल्या धाग्यांत, आणि त्यातही लाल, मरून, नेव्ही निळा नि काळा. भरायला घेण्याआधी प्रत्येक गडद धाग्याचा तुकडा गरम पाण्यात भिजवलेल्या पांढऱ्या कापसात दोन मिनिटं दाबून धरा. कापूस रंगला तर ती जुडी आधी वर सांगितल्याप्रमाणे धुवा, लांबीचे तुकडे करण्याआधी, जुडीला दोन ठिकाणी सैल बांधून.

भरलेलं काम धुताना रंग सुटलाच, तर इथे गरम पाणी लगेच वापरू नका. धागा लोकरीचा नाही आणि मोकळ्या जुडीसारखा धुताही येत नाही. गरम पाण्याने एकदम जास्त रंग सुटून मॅटीत शिरतो. थंड पाण्याचा मोठा टब घ्या, काम पूर्ण बुडवा, दर पाच-दहा मिनिटांनी पाणी बदला. अर्धवट ओलं ठेवून विचार करत बसणं हेच सर्वांत वाईट, कारण पाणी वाळत जातं तसा रंग ओल्या-कोरड्याच्या सीमेवर जमतो आणि गुलाबी वलय उठतं. पाणी स्वच्छ आल्यावर पिळू नका. जाड पांढऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, टॉवेलला रंग लागला तर परत टबात.

दोरीवर टांगू नका. टांगलं की सगळं पाणी खालच्या काठाला येतं आणि उरलासुरला रंगही तिथेच जमतो. कोरड्या टॉवेलवर आडवं, भरलेली बाजू वर. इस्त्री फक्त पूर्ण रंगमुक्त झाल्याची खात्री पटल्यावर, टॉवेलवर उलटं ठेवून, मागच्या बाजूने, वाफ बंद. वाफेच्या इस्त्रीने वाळलेला डागही जागा सोडून पसरतो आणि उष्णतेने घट्ट होतो. पाण्याने पुसणाऱ्या पेनाच्या रेघा असतील तर त्या थंड पाण्यात आधीच गेल्या आहेत का बघा, कारण इस्त्रीखाली त्याही पक्क्या होतात.

डाग आधीच वाळून इस्त्री झाला असेल तर कोमट साबणाच्या पाण्यात काही तास भिजवून पाणी बदलत राहणं एवढंच धाग्यांना धोका न देता करता येतं. ब्लीच लावलं तर मॅटीबरोबर नमुनाही फिका पडेल. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर पांढऱ्याचा हट्ट सोडून पूर्ण कापड चहाच्या पाण्यात बदामी करून घेणारेही आहेत. चहाचा टॅनिन सुताला बऱ्यापैकी धरतो आणि फिक्या गुलाबी वलयाला झाकतो. चहा गाळून, पूर्ण गार करून, आधी मॅटीच्या सुट्या कोपऱ्यावर रंग बघून मगच बुडवावं.